उल्हासनगरमधील सिंधी गीतपरंपरा आणि फाळणीची स्मृती

हा लेख उल्हासनगर व लगतच्या परिसरातील सिंधी गीतांविषयी आहे. शहराच्या इतिहासासाठी व प्रशासनासाठी उल्हासनगर हा स्वतंत्र लेख पाहावा.

उल्हासनगरमधील सिंधी गीतपरंपरा म्हणजे इ.स. १९४७ नंतर सिंध प्रांतातून निर्वासित होऊन महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यात वसलेल्या सिंधी समाजाने सोबत आणलेली, जपलेली आणि नव्या परिस्थितीत बदललेली गाणी होत. तिच्यात भगत हा गायन-नृत्य-कथनाचा प्रकार, लग्नातील लाडा, झुलेलालाची पंजडे, अंगाईगीते (लोली), सूफी कवींचे कलाम व काफी आणि आधुनिक कवींची गीते यांचा समावेश होतो. या गीतांचे साहित्यिक व सांगीतिक मूल्य स्वतंत्र आहेच. येथे मात्र गमावलेल्या प्रदेशाची वैयक्तिक आणि कौटुंबिक आठवण गाण्यातून कशी टिकते, या अंगाने तिचा विचार प्रामुख्याने केला आहे.

पार्श्वभूमी

फाळणीत पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे विभाजन झाले. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी किंवा बंगाली निर्वासितांना भारतात स्वभाषेचा एखादा भूभाग तरी उरला, तसा सिंधी हिंदूंना उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर स्थलांतराला वेग आला. कराची बंदरातून आगबोटींनी हजारो कुटुंबे मुंबईत उतरली, तर इतर अनेक रेल्वेने राजस्थानमार्गे आली.

मुंबईपासून सुमारे ६० किलोमीटरवर, कल्याणजवळ, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेल्या छावण्या रिकाम्या पडल्या होत्या. 'कल्याण कॅम्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेत सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे १ ते ५ कॅम्प असे विभाग आजही प्रचलित आहेत. जुन्या पत्त्यांत बॅरेकचा क्रमांक लिहिण्याची पद्धतही टिकून आहे.

लांबच लांब बॅरेकींमध्ये गोणपाटाचे वा कापडाचे पडदे लावून अनेक कुटुंबे शेजारी शेजारी राहत. लाडकाणा, हैदराबाद, शिकारपूर, नवाबशाह अशा वेगवेगळ्या भागांतील, वेगवेगळ्या बोली बोलणारी माणसे एका छपराखाली आली. सिंधमध्ये एरवी ज्यांची गाठ पडली नसती असे उत्तरेकडील 'सिरो', मध्यभागातील 'विचोलो' आणि दक्षिणेकडील 'लाड़' या प्रदेशांतील लोक एकमेकांचे शेजारी झाले. एका घरातील गाणे पडद्यापलीकडे आपोआप पोहोचत असे. प्रादेशिक फरक असलेली गाणी पुढे 'सिंधी गाणी' या एकाच नावाखाली आली, त्यामागे या एकत्र राहण्याचा वाटा मोठा मानावा लागतो.

मारुईची कथा

या परंपरेच्या केंद्रस्थानी एखादे काव्य ठेवायचे झाल्यास ते शाह अब्दुल लतीफ भिटाई (इ.स. १६८९–१७५२) यांच्या 'शाह जो रिसालो' या संग्रहातील सुर मारुई होय. शाह लतीफ हे सिंधी भाषेचे सर्वश्रेष्ठ कवी समजले जातात. मराठी वाचकाला त्यांच्या स्थानाची कल्पना यावी म्हणून ज्ञानेश्वर-तुकारामांचे नाव घेता येईल, इतके ते लोकजीवनात मुरलेले आहेत. रिसालोची पहिली छापील आवृत्ती जर्मन अभ्यासक एर्न्स्ट ट्रुम्प यांनी इ.स. १८६६ मध्ये लाइपझिग येथे प्रसिद्ध केली. रिसालोची रचना 'सुर' नावाच्या विभागांत असून प्रत्येक सुर विशिष्ट रागछायेत आणि विशिष्ट कथाविषयावर बांधलेला आहे. सिंधमधील भिट शाह येथील त्यांच्या दर्ग्यावर फकीर दंबूरो या तंतुवाद्याच्या साथीने हे सुर आजही गातात.

मारुई ही थरच्या वाळवंटातील मलीरची गुराख्याची मुलगी. उमरकोटचा राजा उमर सूमरो तिला विहिरीवरून पळवून नेतो आणि किल्ल्यात ठेवतो. राणी होण्याचे आमिष, रेशमी वस्त्रे, दागिने यांपैकी काहीही ती स्वीकारत नाही. अंगावरची जाडीभरडी लोकरीची लोई ती टाकत नाही, केस विंचरत नाही. पाऊस पडला की मलीरला आता कोणते गवत उगवले असेल, कोणत्या रानभाज्या खुडल्या जात असतील, याचाच विचार तिच्या मनात येतो. येथेच मरण आले तर माझे शव मलीरच्या मातीत न्या, अशी तिची विनवणी आहे. अखेरीस उमर तिला सन्मानाने परत पाठवतो.

सूफी परंपरेत या कथेचा अर्थ आध्यात्मिक लावला जातो: मारुई म्हणजे देहात अडकलेला जीव आणि मलीर म्हणजे त्याचे मूळ स्थान. फाळणीनंतर निर्वासितांनी हेच काव्य शब्दशः घेतले. दोनशे वर्षांपूर्वी रचलेले रूपक आपल्याच आयुष्याचे वर्णन ठरावे, हा अनुभव साहित्याच्या इतिहासात विरळा आहे. एक फरक मात्र नजरेआड करता येत नाही. मारुईला मलीर परत मिळाले. उल्हासनगरात सुर मारुई ऐकणाऱ्यांसाठी कथेचा तो शेवट उपलब्ध नव्हता. म्हणूनच तिच्या मुक्ततेपेक्षा विनवणीच्या बैतांकडे श्रोत्यांचा ओढा अधिक असणे स्वाभाविक होते.

मराठी लोकगीतांशी येथे तुलना सुचते. जात्यावरच्या ओवीत सासुरवाशीण माहेर आठवते तेव्हा तीही गावची वाट, आंब्याचे झाड, विहीर, भावाची बैलगाडी अशा लहानसहान खुणाच मोजत असते. मलीरचे गवत आणि ओवीतले माहेरचे अंगण यांचे काम एकच आहे. दुःख थेट न सांगता वस्तूंची नावे घेत जाणे ही दोन्हीकडची रीत आहे.

विरहाचा सूर फाळणीपूर्वीही सिंधी घरांना अपरिचित नव्हता. हैदराबादचे 'सिंधवर्की' व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दूरदूरच्या बंदरांत पेढ्या चालवत आणि वर्षानुवर्षे घराबाहेर राहत. रिसालोतील सुर सामुंडी हा तर समुद्रावर गेलेल्या व्यापाऱ्यांच्या पत्नींच्या तोंडीच आहे. मात्र त्या गाण्यांत घर जागेवर असे आणि माणूस दूर जाई. १९४७ नंतर माणसे एकत्र राहिली आणि घरच दूर गेले.

भगत

भगत हा सिंधी रंगपरंपरेतील सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे. कलावंतालाही भगतच म्हणतात. मुख्य भगत अंगात पायघोळ जामो, डोक्यावर पगडी आणि पायांत घुंगरू घालून उघड्या मैदानात उभा राहतो. गाणे, फेर धरून नाचणे, मध्येच थांबून कथा सांगणे, विनोद करणे, पुन्हा गाण्याकडे वळणे, असा हा खेळ रात्रभर चाले. महाराष्ट्रातील कीर्तनकार आणि शाहीर यांचा संगम कल्पावा, म्हणजे भगताचे रूप साधारणपणे ध्यानात येईल. श्रोते 'घोर' म्हणून पैसे ओवाळून देत.

या परंपरेतील सर्वाधिक आदराचे नाव संत कंवरराम (इ.स. १८८५–१९३९) यांचे आहे. सख्खर भागातील जरवार गावी जन्मलेले कंवरराम हे रहडकी येथील संत सतरामदास यांचे शिष्य. मिळालेले दान गरीब, अंध, अपंगांत वाटून टाकण्याबद्दल ते प्रसिद्ध होते आणि त्यांच्या श्रोत्यांत हिंदू व मुसलमान दोघेही असत. सख्खरच्या मंझिलगाह वादातून जातीय तणाव वाढलेला असताना १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक रेल्वे स्थानकावर गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. भारतीय टपाल खात्याने इ.स. २०१० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्याविषयीची एक आख्यायिका सिंधी घरांत सर्वश्रुत आहे. एका मातेने मृत बालक कपड्यात गुंडाळून त्यांच्या हाती दिले आणि अंगाई म्हणण्याची विनंती केली. कंवरराम लोली गाऊ लागले आणि बाळ रडू लागले, अशी ती कथा. चमत्कार म्हणून तिच्याकडे पाहायचे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. गीतपरंपरेच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, संताच्या सामर्थ्याची खूण म्हणून या समाजाने मंत्र वा शाप न निवडता अंगाईगीत निवडले.

फाळणीनंतर भगतांचा जुना आधार तुटला. गावोगावच्या जत्रा, जमीनदारांची लग्ने, दर्गे आणि टिकाणे यांच्या वर्षभराच्या फेऱ्यांवर त्यांचा चरितार्थ चाले. उल्हासनगरसारख्या वसाहतींत धार्मिक उत्सव, वर्सी (पुण्यतिथी) आणि विवाहसमारंभ यांनी काही प्रमाणात ती जागा घेतली. परंतु पोटापाण्यासाठी फेरीविक्रीपासून सुरुवात करणाऱ्या समाजाला रात्रभर बसून ऐकण्याची सवड पूर्वीइतकी नव्हती. कार्यक्रमाचा अवधी आटला, कथनाचा भाग कमी झाला आणि गाणे शिल्लक राहिले.

लाडा आणि स्त्रियांची गाणी

लग्नघरी स्त्रियांनी ढोलकीवर सामूहिकपणे गायची गाणी म्हणजे लाडा. घोट (वर) आणि कुंवार (वधू) यांचे कौतुक, विहिणीची थट्टा, नातेवाइकांची नावे गुंफून केलेल्या उखाण्यांसारख्या ओळी असे त्यांचे स्वरूप असते. लाडा गायनाला व्यासपीठावर आणि ध्वनिमुद्रणांतून प्रतिष्ठा मिळवून देण्यात भगवंती नावाणी (इ.स. १९४०–१९८६) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

वरवर पाहता लाडा हा आनंदाचा प्रकार. त्यात फाळणीचा उल्लेखही नसतो. तथापि स्मृतीच्या दृष्टीने तो सुर मारुईपेक्षा कमी महत्त्वाचा नाही. लाडात नावे घ्यावी लागतात. वराच्या आजोबांचे, पणजोबांचे, मूळ गावाचे नाव गाण्यात बसवायचे तर ते कोणाला तरी ठाऊक असावे लागते. बाहेर कोणी न विचारलेले हे तपशील लग्नाच्या निमित्ताने घरातील वृद्ध स्त्रीकडे विचारले जात. सातबारा, दप्तर, छायाचित्रे मागे राहिलेल्या समाजात वंशावळीचा एक भाग अशा रीतीने ढोलकीवर टिकला.

ठाणे जिल्ह्यातील मराठी वाचकांना याचा एक जवळचा नमुना माहीत असतो. अंबरनाथ, बदलापूर, कल्याण, पनवेल या पट्ट्यातील आगरी समाजात लग्नविधीच्या प्रत्येक टप्प्यावर धवलारीण धवले गाते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागले असे पूर्वी मानत नसत. धवळ्यांची परंपरा मराठीत तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. महानुभाव पंथातील महदंबेचे धवळे हे मराठीतील स्त्रीरचित काव्याचे आद्य उदाहरण समजले जाते. उल्हासनगरच्या बॅरेकींत लाडा आणि शेजारच्या गावांत धवले, अशा दोन स्त्रीपरंपरा काही मैलांच्या अंतरावर नांदत आल्या. दोन्हींपुढील आजची अडचणही सारखीच आहे: समारंभ सभागृहात गेला, ध्वनिवर्धकावर चित्रपटगीते आली आणि गाणाऱ्या बाईसाठी विधीत मोकळी जागा उरली नाही.

झुलेलाल आणि पंजडे

सिंधू नदीचे दैवत मानले जाणारे झुलेलाल (उडेरोलाल) हे आज भारतातील सिंधी समाजाच्या ओळखीचे प्रमुख प्रतीक आहे. चैत्राच्या आरंभी, गुढीपाडव्याच्या सुमारास येणारा चेटीचंड हा त्यांचा जन्मोत्सव सिंधी नववर्ष म्हणून साजरा होतो. कणकेचा दिवा, खडीसाखर, फळे, कलश यांनी सजवलेला बहराणो मिरवणुकीने पाण्याकडे नेतात. वाटेत पुरुष टिपऱ्यांसारखा छेज खेळतात आणि पंजडे म्हटली जातात. जुलै-ऑगस्टमधील चाळीस दिवसांचे चालिहो व्रतही उल्हासनगरात मोठ्या प्रमाणावर पाळले जाते.

सिंधमध्ये सर्वच हिंदू झुलेलालाचे उपासक नव्हते. मोठा वर्ग नानकपंथी होता. टिकाण्यांत गुरू ग्रंथ साहिबचे पठण आणि कीर्तन चाले, आणि ते उल्हासनगरातील अनेक दरबारांत आजही चालते. विखुरलेल्या समाजाला एकत्र आणणारे चिन्ह म्हणून झुलेलालाला पुढे आणण्यात लेखक व गायक प्रा. राम पंजवाणी (इ.स. १९११–१९८७) यांचा मोठा वाटा होता. लाडकाण्यात जन्मलेले पंजवाणी मुंबईत सिंधीचे प्राध्यापक होते. 'अनोखा आज़मूदा' या पुस्तकासाठी त्यांना इ.स. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९८१ मध्ये पद्मश्री मिळाली. हातात मातीचा घडा घेऊन त्यावर ठेका धरत ते गात, आणि गाता गाता लोकांना सिंधीत बोलण्याचा आग्रह करत. घडा हे सिंधी लोकसंगीतातील जुनेच वाद्य. निर्वासितांच्या सभेत प्राध्यापकाने पेटी-तबल्याऐवजी घडा वाजवणे यात साधेपणा होता, तसेच मागे राहिलेल्या नदीची आठवणही होती.

नदीचे दैवत घेऊन आलेल्या समाजाला पाण्याचा पर्याय शोधावा लागला. सिंधूच्या जागी उल्हास नदी, विहीर, तलाव किंवा समुद्र आला. गाण्यांतील नदी मात्र सिंधूच राहिली.

मुसलमान संतांची काव्ये

शाह लतीफ, सचल सरमस्त यांसारख्या सूफी कवींचे कलाम हिंदू सिंधी घरांत पूर्वापार गायले जातात. सेहवणच्या लाल शाहबाज़ कलंदरांशी निगडित गीतात 'झुलेलाल' हे संबोधन येते, आणि तेच गीत दोन्ही धर्मांचे लोक आपापल्या श्रद्धेने गातात. धर्माच्या नावाने घर सोडावे लागलेल्या माणसांनी त्याच भूमीतील मुसलमान संतांची काव्ये टाकून न देता सोबत आणली, याची नोंद फाळणीविषयीच्या सर्वसाधारण लेखनात क्वचितच होते. सगळ्याच घरांत हे घडले असे नाही. काही ठिकाणी नव्या धार्मिक वातावरणात कलाम मागे पडले आणि भजने पुढे आली. पिढ्यांबरोबर हा कल वाढत गेला. त्यामागे वैर असतेच असे नाही. कलामांतील शब्दसंपत्ती अवघड असणे हेही साधे कारण आहे.

ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि चित्रपट

मास्टर चंदर (इ.स. १९०७–१९८४) हे फाळणीपूर्वीच ध्वनिमुद्रिकांमुळे सिंधभर पोहोचलेले गायक. ठारूशाह येथे जन्मलेले चंदर फाळणीनंतर भारतात आले. त्यांच्या प्रेमगीतांतील 'तू' हा शब्द नव्या परिस्थितीत प्रेयसीबरोबरच जन्मभूमीलाही लागू पडू लागला, असे निरीक्षण सहज करता येते. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला एक विशेष मूल्य होते: ती सिंधमध्ये ऐकलेली होती. तोच आवाज, तीच तबकडी, फक्त ऐकण्याची जागा बदललेली.

इ.स. १९५८ मध्ये आलेल्या 'अबाणा' या सिंधी चित्रपटात शीला रमाणी यांच्यासमवेत पुढे हिंदी चित्रपटांत गाजलेल्या साधना यांनीही काम केले होते. अबाणा या शब्दाचा अर्थ वाडवडिलांचे घर. आकाशवाणीवरील सिंधी कार्यक्रम, १९८० च्या दशकातील ध्वनिफिती आणि आता यूट्यूब यांनी गाणी टिकवली. मात्र आळवणी, पाठांतर आणि परस्परांच्या ओळी सुधारणे हा जो मौखिक व्यवहार होता, तो यांमुळे आपोआप चालू राहत नाही.

गाणे आठवण का जागवते

गाण्याने अचानक जुनी आठवण येणे हा सार्वत्रिक अनुभव आहे. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुन्तला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यन्ताचे मन कारण न कळता उदास होते. शकुंतलेला तो विसरलेला असतो, पण सूर ऐकून ते विस्मरण अस्वस्थ होते. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांत 'स्मृती' हा स्वतंत्र भाव गणला आहे, तर अभिनवगुप्ताने रसिकाच्या मनात सुप्त असलेल्या संस्कारांना रसास्वादाचा पाया मानले.

युरोपातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. स्वगृहाच्या ओढीने येणाऱ्या आजारपणाला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने इ.स. १६८८ मध्ये बाझेल येथील प्रबंधात दिले. परदेशी सैन्यांत नोकरी करणारे स्विस सैनिक त्यांच्या डोंगरांतील गुराखी गाणे ऐकताच व्याकूळ होत, अशी ख्याती होती. रूसोने १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशात त्या गाण्यावर सैन्यात बंदी असल्याचे नमूद केले आहे. त्याचे पुढील विवेचन अधिक महत्त्वाचे आहे: ज्यांनी ते गाणे लहानपणी ऐकले नाही त्यांच्यावर त्याचा असा परिणाम होत नाही, म्हणून येथे संगीत हे संगीत म्हणून नव्हे, तर आठवणीची खूण म्हणून काम करते.

आधुनिक मानसशास्त्रात पौगंडावस्था ते ऐन तारुण्य या काळातील आठवणी उतारवयात अधिक ठळकपणे येतात, असे वारंवार आढळले आहे. त्या वयात ऐकलेली गाणीही त्याच रीतीने चिकटून राहतात. १९४७ मध्ये पंधरा-वीस वर्षांचे असलेल्यांच्या बाबतीत हा काळ आणि घर सुटण्याचा काळ एकच होता. त्यांची गाणी इतकी भारलेली का, याचे एक उत्तर येथे मिळते.

तरीही रूसोचा निकष सर्वस्वी लावणे योग्य ठरणार नाही. उल्हासनगरात जन्मलेल्या आणि सिंध कधीही न पाहिलेल्या मुलांनाही सुर मारुई ऐकून गलबलून येते, ते स्वतःच्या सिंधच्या आठवणीने नव्हे. त्यांना आठवतो तो ते गाणे ऐकताना गप्प झालेला आजोबांचा चेहरा. आठवणीची आठवण हा या परंपरेचा दुसरा टप्पा आहे, आणि तो पहिल्याइतकाच खरा मानायला हरकत नाही. या गीतांना केवळ 'गतकातरता' म्हणून बाजूला सारणारे विवेचन म्हणूनच अपुरे वाटते. बॅरेकीतील पहिल्या पिढीने मागे वळून पाहत बसण्यात आयुष्य घालवले नाही; तिने त्याच वर्षांत शाळा, बाजारपेठा, कारखाने उभे केले. दिवसा न बोललेले दुःख रात्री गाण्यात ठेवण्याची सोय होती, म्हणूनच कदाचित दिवसाचे काम होऊ शकले.

भाषा आणि लिपी

सिंधीला साहित्य अकादमीने इ.स. १९५७ मध्ये मान्यता दिली आणि १० एप्रिल १९६७ रोजी तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २७.७ लाख लोकांनी सिंधी ही मातृभाषा नोंदवली. या आकड्यात कच्छी भाषकही धरलेले आहेत.

गीतपरंपरेपुढील मुख्य अडचण लिपीची आहे. ब्रिटिश सरकारने इ.स. १८५३ मध्ये निश्चित केलेली ५२ अक्षरांची अरबी-सिंधी लिपी फाळणीपूर्व पिढीच्या हातात बसलेली होती. भारतात देवनागरीचाही स्वीकार झाला आणि दोन लिप्यांच्या समर्थकांत दीर्घकाळ वाद चालला. मधल्या काळात मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत गेली. परिणामी आजीने अरबी लिपीत उतरवलेली गाण्यांची वही नातवाला वाचता येत नाही, आणि देवनागरीत उतरवली तर ती आजीच्या पिढीला परकी वाटते. देवनागरीत आत ओढल्या जाणाऱ्या चार सिंधी व्यंजनांसाठी ॻ, ॼ, ॾ, ॿ ही खाली रेघ असलेली अक्षरे आहेत. हौशी लेखनात ती बहुधा गाळली जातात, त्यामुळे शब्दाचा उच्चार आणि कधीकधी अर्थही बदलतो.

गाणे मात्र लिपीच्या वादात न सापडता तोंडी पोहोचते. घरात हिंदी बोलणाऱ्या तरुणांनाही एखादे पंजडे किंवा लाडातील दोन ओळी पाठ असतात, पण अर्थ विचारल्यास सांगता येत नाही. भाषा ओसरल्यावर गाणे काही काळ टिकते, हे यातून दिसते. किती काळ, हे घरातील बोलण्यावर अवलंबून आहे.

संकलन व अभ्यास

सिंधमध्ये डॉ. नबी बख्श बलोच यांनी सिंधी अदबी बोर्डासाठी लोकसाहित्याचे चाळीसहून अधिक खंड संपादित केले. भारतात आदिपूर (कच्छ) येथील इ.स. १९८९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सिंधॉलॉजी संस्था, १९९४ पासूनची राष्ट्रीय सिंधी भाषा विकास परिषद आणि महाराष्ट्र राज्य सिंधी साहित्य अकादमी या संस्था भाषा व संस्कृतीच्या क्षेत्रात काम करतात. साझ अगरवाल यांचे 'सिंध: स्टोरीज फ्रॉम अ व्हॅनिश्ड होमलँड' (२०१२) आणि नंदिता भवनानी यांचे 'द मेकिंग ऑफ एक्झाइल' (२०१४) या इंग्रजी पुस्तकांत स्थलांतराच्या कौटुंबिक आठवणी विस्ताराने आल्या आहेत.

मराठीत अशा कामाचा उत्तम आदर्श उपलब्ध आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या संग्रहित केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत अनेक खंड सिद्ध केले, आणि पुढे गी पॉयतवाँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शेवटच्या प्रकल्पात ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव आणि जीवनवृत्त नोंदवले गेले, ही त्याची विशेष उपयुक्तता. संग्रहात ओवी निनावी 'लोकवाङ्मय' म्हणून न येता एका विशिष्ट बाईचे म्हणणे म्हणून येते.

उल्हासनगरच्या गाण्यांची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्यांना हीच पद्धत उपयोगी पडते. केवळ शब्द न उतरवता ते गाणे कोणाकडून शिकले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी म्हटले जाई, बॅरेकीत आल्यावर प्रथम केव्हा म्हटले आणि कोणत्या ओळी आता आठवत नाहीत, हे विचारावे लागते. ध्वनिमुद्रण करताना गाणाऱ्याला मध्ये थांबवू नये; अर्थ नंतर विचारावा. अनेकदा गाणे संपल्यावर जे बोलणे सुरू होते, त्यातच गावाची, घराची, वाटेतल्या प्रवासाची माहिती येते, म्हणून यंत्र लगेच बंद करू नये. लेखन शक्यतो अरबी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत ठेवावे आणि देवनागरीत रेघेची चार अक्षरे गाळू नयेत.